बटण लावलेलं होतं

दोरा ती कधी दातानं तोडायची नाही. कात्री हाताशी नसली तर उठून आणायची.

सुईत ओवण्याआधी दोरा मेणाच्या वडीवरून दोनदा ओढायची. तिसऱ्यांदा कधीच नाही.

बसताना पाठ भिंतीला लावून बसायची. येणारा माणूस समोरूनच आला पाहिजे.

बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायची नाही, ओठांकडे बघायची. लोकांना वाटायचं, मावशी भिडस्त आहे.

दूध तापत ठेवलं की तिथून हलायची नाही. घराबाहेर पडताना नळाखाली हात धरून बघायची, बंद आहे ना.

विनोदावर सगळ्यांच्या मागून हसायची, आणि मग सगळ्यांपेक्षा जास्त वेळ हसत राहायची.

काही विचारलं की "हो, हो" असं दोनदा म्हणायची. एकदाच "हो" म्हणाली, तर समजायचं की तिला खरंच कळलंय.

आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटात पितळी अंगुस्तान, सुई बोचू नये म्हणून घालायची टोपी. शिवण संपली, सुई टोचून ठेवली, तरी ते बोटातच. झोपतानाच काय ते निघायचं.

या सवयी सगळ्या इमारतीला पाठ होत्या. त्यांची बेरीज मात्र कुणी केली नाही.

तिला सगळे काजमावशी म्हणत. एका मोठ्या शिंप्याच्या दुकानात एकेचाळीस वर्षं तिनं फक्त काजं केली. बेतणं एकाचं, शिवणं दुसऱ्याचं, इस्त्री तिसऱ्याची. कोट पुरा होऊन आला की तो तिच्यासमोर पडायचा. खडूनं खूण करायची, कात्रीचं टोक घालून चीर द्यायची, आणि मग त्या चिरेच्या दोन्ही कडांवर एकाला एक चिकटून टाके घालत जायचे, चीर उसवू नये म्हणून. बघायला गेलं तर नुसतं भोक. पण शिवण उसवून पुन्हा घालता येते, बाही पुन्हा लावता येते. चीर चुकली की कोट गेला.

दुकानाचा मालक म्हणायचा, "मावशी, इथं सगळ्यांच्या चुका झाकता येतात. तुझी तेवढी नाही झाकता येत."

हे ती अभिमानानं सांगायची.

दुकानाच्या मागच्या खोलीला पत्र्याचं छत होतं. त्या छताखाली बारा मशिनी चालायच्या. तिचे कान तिथेच गेले. एका दिवसात नाही गेले. चिमण्या कधी बोलायच्या थांबल्या, ते तिला आठवत नव्हतं. दारावरची थाप गेली, मग कुकरची शिट्टी गेली, मग पाठीमागून येणारी हाक. सात वर्षांपूर्वी तिनं हिशेब लावला, की आता फक्त समोरच्या माणसाचं ऐकू येतं. तेही अर्धं कानानं आणि अर्धं डोळ्यांनी.

तिनं कुणाला सांगितलं नाही. कारण एकच, तिचा भाचा. भाचा वाईट नव्हता. दर रविवारी यायचा, फळं आणायचा, डब्यांची झाकणं घट्ट लागली आहेत का बघायचा. पण त्यानं एकदा स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

"मावशी, डोळे, कान, पाय. या तिघांपैकी एकानं जरी दगा दिला, तरी तुला इथं एकटी ठेवणार नाही. गॅस आहे घरात. मग आमच्याकडे यायचं. वाद नको."

भाच्याकडे तिच्यासाठी जागा होती. बाहेरच्या खोलीत, कपाट आणि दार यांच्यामध्ये. पलंग मावायचा. टेबल मावायचं नाही, आणि खिडकी नव्हती. इथं पहिल्या मजल्यावर तिची खोली आणि स्वयंपाकघर होतं, आणि खिडकीखाली शिवणाचं टेबल. सकाळचं ऊन बरोबर तिच्या हातावर पडायचं. या उन्हापायी ती सात वर्षं "हो, हो" म्हणत होती.

पट्टीची कल्पना तिचीच. दुसऱ्या मजल्यावर एक टायपिस्टबाई राहायच्या, एकट्या. त्या गेल्या ते पाच दिवस कुणाला कळलं नाही. पाच दिवस माणसं त्यांच्या दारावरून वरखाली करत होती. कुणी दारातली चप्पल नीट लावून ठेवली, कुणी बाहेर राहिलेला दिवा मालवला. दार ठोठावायचं कुणाला सुचलं नाही. नंतर त्यांच्या खोल्यांना कुलूप लागलं ते तसंच राहिलं.

त्यानंतर आठ दिवसांनी मावशीनं कोटाच्या करड्या कापडाची एक लांब पट्टी खाली पत्रपेट्यांशेजारी ठोकली. पट्टीत सहा काजं. इमारतीत उतारवयाची माणसं सहाच. तळमजल्यावर कंपाउंडर, चाळीस वर्षं दवाखान्यात औषधं बांधून निवृत्त झालेले. मागच्या बाजूला दोघी बहिणी, ज्या एका घरात राहून एकमेकींशी बोलत नसत. त्यांच्या शेजारी पोस्टमन. पहिल्यावर मावशी स्वतः. आणि तिच्या बरोबर डोक्यावर, टायपिस्टबाईंचं बंद घर सोडून तिसऱ्या मजल्यावर, कंडक्टर.

प्रत्येकाचं बटण वेगळं. सकाळी आपापल्या पत्रपेटीतून बटण काढायचं आणि पट्टीवर आपल्या काजात लावायचं. नऊ वाजता कंपाउंडर येऊन बघणार. एखादं काज रिकामं दिसलं, की त्यांच्या औषधांच्या कपाटातून त्या घराची किल्ली काढायची आणि वर जायचं. संध्याकाळी तेच बटणं काढून पेट्यांत टाकणार.

नियम मावशीनं घातला होता. ज्याचं बटण, त्याच्याच हातानं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

"आणि मी फिरायला गेलो असलो तर?" पोस्टमननं विचारलं होतं.

"तर बटण लावून जायचं."

"आणि मेलो असलो तर?"

"तर नाही लावायचं," मावशी म्हणाली. "एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

तीन वर्षं पट्टी चालली. एक बहीण न्हाणीघरात घसरली, ती वीस मिनिटांत सापडली. कंपाउंडरांना एकदा सकाळी भोवळ आली, तेव्हा पोस्टमननं त्यांना वेळेवर गाठलं. बोलत नसलेल्या बहिणीसुद्धा एकमेकींचं बटण चोरून बघायच्या. मावशीला वाटायचं, आयुष्यात एवढी काजं केली, त्यांतली कामाची एवढीच सहा.

कंडक्टर एकोणऐंशीचे. बसमधली नोकरी सुटून वीस वर्षं झाली तरी तोंडातली बस थांबली नव्हती. जिन्यात कुणी गाठ पडलं की म्हणायचे, "पुढे सरका, पुढे सरका, मागून माणसं येतायत." मागे कुणी नसायचं. त्यांचं बटण म्हणजे गणवेशाच्या कोटाचं पितळी बटण, ते रोज सदऱ्याच्या बाहीला घासून चकचकीत करून लावायचे. मावशीला ते काजबाई म्हणायचे. असं म्हणायची मुभा फक्त त्यांनाच होती.

त्यांची मुलगी लांबच्या शहरात. रोज संध्याकाळी फोन करायची. बायको गेल्यावर तिनं एक अट घातली होती. ज्या दिवशी बाबांना आपल्या पायांनी जिना उतरता येणार नाही, त्या दिवशी ती त्यांना घेऊन जाणार. तिच्या गावात वृद्धांचं एक चांगलं निवासस्थान होतं, तिथं जागाही बोलून ठेवली होती.

एका बुधवारी मावशी वर गेली. बुधवारी आणि रविवारी ती त्यांची भाजी-दूध आणून द्यायची. जिना चढताना तिची छाती भरून यायची, म्हणून आठवड्यातून दोनदाच. कंडक्टर दारात उभे होते, चौकट धरून. धरलेल्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या.

"काजबाई, गाडी बंद पडली."

"काय झालं?"

"गुडघे. काल खाली उतरलो आणि वर यायला तासभर लागला. बसत बसत आलो. आज नाही जमायचं. उद्याही नाही."

"डॉक्टरांना दाखवा."

"दाखवीन. मग ते पोरीला कळवतील. पोर सामान बांधायला येईल." त्यांनी खिशातून पत्रपेटीची छोटी किल्ली काढली. "माझं बटण तेवढं लावत जा."

मावशीनं भाजीची पिशवी चौकटीशी टेकवली.

"नियम तुमचाच आहे, ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "पण नियम कशासाठी असतो? मी जिवंत आहे की नाही कळावं म्हणूनच ना? ते मी तुम्हाला रोज कळवतो. झालं की."

कळवायची युक्तीही त्यांनी शोधून ठेवली होती. दोघांच्या स्वयंपाकघरांतून पाण्याचा एकच उभा लोखंडी पाइप जायचा. सकाळी आठला ते चमच्यानं पाइपावर तीनदा ठोकणार. खालून मावशीनं दोनदा ठोकून पोच द्यायची आणि मग खाली जाऊन बटण लावायचं. नऊच्या आत. कंपाउंडर नऊशिवाय पट्टीकडे फिरकत नाहीत, त्यांना काय कळणार? आणि कुणी विचारलंच, तर कंडक्टर पहाटे फिरून आलेत.

"ऐकू येईल ना तुम्हाला खाली?" त्यांनी विचारलं.

"हो, हो," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पावणेआठलाच ती पाइपाजवळ उभी राहिली. कान लावून उपयोग नव्हता. तिनं तळहात लावला. आठ वाजता लोखंडातून तीन हादरे आले, बारीक, पण स्वच्छ. तिला हसू फुटलं. कानानं ऐकू आलं असतं तरी इतकं स्पष्ट आलं नसतं. तिनं अंगुस्तानानं दोनदा ठोकलं. मग खाली जाऊन पितळी बटण काजात बसवलं.

सहा आठवडे असं चाललं. कंडक्टर घरात भिंती धरून चालत होते. रोज फोनवर मुलीला आपण कुठवर फिरून आलो ते रंगवून सांगत होते. दोघंही आपापलं एकेक दुखणं लपवून होते, आणि दोघांनाही वाटत होतं की निभतंय.

त्या रविवारी मावशी वर गेली तेव्हा ते रागात होते. मुलीशी फोनवर भांडण झालं होतं. तिला संशय आला होता.

"म्हणते, पुढच्या महिन्यात येऊन स्वतः बघते. म्हटलं, ये की. तिकीट काढून ये. फुकट प्रवास नाही आमच्याकडे."

सोमवारी आठला मावशीनं पाइपावर हात ठेवला. पाइप हलत होता. रोजच्यासारखे तीन हादरे नव्हते. एक लांबलचक थरथर होती, थांबतच नव्हती. आज कंडक्टर जोरात आहेत, तिला वाटलं. अजून पोरीवरचा राग गेलेला दिसत नाही. मनात बारीकशी पाल चुकचुकली. ती तिनं झटकली. जिना चढायचा म्हणजे छाती भरून येणार, आणि बुधवारी जायचंच आहे. तिनं अंगुस्तानानं दोनदा ठोकलं, खाली गेली, बटण लावलं.

मंगळवारीही तसंच. तीच लांब थरथर. दोन ठोके. बटण.

मंगळवारी दुपारी ती खाली पत्रपेटी बघायला आली, तेव्हा कंपाउंडर दारात हसत उभे होते. ती त्यांच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली, नेहमीसारखी.

"अहो मावशी, कंडक्टर रुसलेत. लेकीचा फोन आला होता आत्ता मला. कालपासून फोन घेत नाहीत म्हणे. म्हटलं, बाई, घाबरू नकोस. हे काय, बटण लावलेलं आहे. स्वारी फिरतीवर असेल."

पितळी बटण पट्टीवर चमकत होतं.

मावशी जिन्याकडे वळली. कंपाउंडर मागून काहीतरी बोलले असावेत, ते तिला कळलं नाही. ती थांबत नाही म्हटल्यावर त्यांनी किल्ली घेतली आणि तिच्या मागे निघाले. दुसऱ्या मजल्यावर तिला श्वास पुरेना, तेव्हा त्यांनीच तिला धरून वर नेलं.

कंडक्टरांच्या दाराशी कंपाउंडरांनी हाताचं बोट वर केलं.

"थांबा. आत काहीतरी वाजतंय. टक... टक... ऐकू येतंय ना?"

"हो, हो," मावशी म्हणाली.

स्वयंपाकघरात ओट्याखाली कंडक्टर कुशीवर पडले होते. एक पाय अंगाखाली दुमडलेला. बादलीतलं पोतेरं त्यांनी तोंडाजवळ ओढून घेतलेलं होतं, पाण्यासाठी. उजव्या हातात चमचा होता आणि तो हात वरखाली होत होता. आता पाइपापर्यंत पोहोचत नव्हता, फरशीवरच वाजत होता. डोळे उघडे होते, पण समोरचं माणूस त्यांना ओळखू येत नव्हतं.

मावशीनं पाइपाकडे बघितलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर पाइपाचा रंग उडाला होता. नखाएवढा नाही, चांगला हाताच्या पंजाएवढा. आतलं लोखंड चकचकीत झालं होतं.

रुग्णवाहिकेबरोबर एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं नाडी बघितली, दुमडलेला पाय हळूच सरळ केला. मांडीवरची काळीनिळी कातडी बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"किती वेळ पडलेत हे?"

"सकाळपासून," कंपाउंडर ठामपणे म्हणाले. "आठ-साडेआठपर्यंत ठणठणीत होते. आमच्याकडे एक पद्धत आहे. रोज स्वतः खाली येऊन बटण लावावं लागतं. आज लावलंय, मी नऊला डोळ्यांनी बघितलं. कालही होतं."

"म्हणजे पाच तास." ती लिहायला लागली. मग पुन्हा मांडीकडे बघून थांबली. "पाच तासांत एवढं होत नाही. नक्की सकाळी खाली आले होते?"

"बटण लावलेलं होतं हो. ते दुसरं कुणी लावत नाही. नियमच आहे तसा."

मावशी दोघांच्या ओठांकडे बघत होती. एकही शब्द सुटला नाही. भाचा, कपाट आणि दारामधला पलंग, खिडकी, टेबलावरचं ऊन, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. ती गप्प राहिली असती तर कुणालाही कळलं नसतं. एकच माणूस सांगू शकला असता, आणि त्याला आता स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं.

"ते नाही आले खाली," ती म्हणाली. "मी लावलं बटण. दीड महिना मीच लावतेय."

कंपाउंडर तिच्याकडे बघत राहिले.

"ते वरून पाइप ठोकायचे. मी खालून हात लावून बघायची. मला ऐकू येत नाही. रविवारी संध्याकाळी मी त्यांना उभं बघितलं होतं. काल सकाळी पाइप हलला. आज पण हलला. पण ते हादरे त्यांचे नव्हते. आता कळतंय. त्यांचे नव्हते ते."

"पंप," कंपाउंडर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "सोमवारपासून पाणी चढवायची वेळ बदलली. सातचा पंप आठला लावायला लागलो. मी जिन्यात उभं राहून ओरडून सांगितलं होतं सगळ्यांना." त्यांचा आवाज चढला असणार, कारण डॉक्टरीण दचकली. "तुम्ही वरून 'हो, हो' म्हणालात, मावशी!"

डॉक्टरिणीनं लिहिलेलं खोडलं. तिथंच फोन लावला. "दोन दिवस धरा," ती म्हणाली. "हो, दोन. मूत्रपिंडांचं बघायची तयारी ठेवा, मी आणतेय." मग मावशीचा दंड धरून तिच्या समोर आली आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत."

दंड धरून कुणी समोर येऊन बोललेलं सात वर्षांत हे पहिलंच. मावशीला तेही सहन होईना.

चौथ्या दिवशी कंडक्टर शुद्धीवर आले. मावशी रोज जाऊन काचेच्या दाराबाहेर बसत होती. नर्सनं पाच मिनिटं आत सोडलं. तोंडावर हवेचा मुखवटा होता, म्हणून तिला काही कळेना. त्यांनी हातानं तो बाजूला केला. ओठ फुटले होते.

"काजबाई, मी ठोकत होतो."

"हो."

"सोमवारी सकाळी पडलो. चहाला. आठ वाजले असतील. तुमची पोच आली की. दोन ठोके." त्यांना दम लागला. "म्हटलं, चला. कळलं बाईला. येतेय."

मावशीचा हात पलंगाच्या दांडीवर होता. अंगुस्तान दांडीला लागून वाजत असावं, कारण कंडक्टरांची नजर त्याच्याकडे गेली.

"मंगळवारी पुन्हा पोच आली," ते म्हणाले. "म्हटलं, जिना चढतेय. छाती भरते तिची. वेळ लागणारच."

नर्सनं मुखवटा पुन्हा बसवला. त्याच्या आत त्यांचे ओठ अजून हलत होते. ते काय म्हणाले, ते मावशीला कधीच कळलं नाही.

नवव्या दिवशी ते गेले. दुमडून राहिलेल्या पायातलं विष मूत्रपिंडांना निस्तरता आलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मुलगी घर आवरायला आली, तेव्हा मावशी आपणहून वर गेली. मुलगी स्वयंपाकघरात पाइपासमोर उकिडवी बसली होती. उजळलेल्या लोखंडावर बोट फिरवत होती.

"मावशी, हे बाबांनी केलं?"

"हो."

"दोन दिवस?"

"हो."

"आणि तुम्हाला कधीपासून ऐकू येत नाही?"

"सात वर्षं झाली."

"मला कुणीतरी एक फोन करायचा. गुडघे गेलेत, एवढंच सांगायचं."

"तर तू त्यांना नेलं असतंस."

"हो. नेलं असतं." मुलीनं वर बघितलं. "तिथं रडले असते. मला शिव्या दिल्या असत्या. जिवंत असते."

मुलीनं चमचा रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. जाताना तिनं मावशीला नमस्कार केला नाही, आणि दारही आपटलं नाही.

पट्टी उतरवायची असं इमारतीत ठरलं. पोस्टमन म्हणाला, "कापडाला काय कळतं माणूस जगला की मेला." बोलत नसलेल्या बहिणी या एका गोष्टीवर एकमेकींशी बोलल्या, आणि दोघींचं मत एकच पडलं. भाच्याला कंपाउंडरांनी कळवलं. ते कळवणं भागच होतं. भाचा ओरडला नाही. त्यानं फक्त तिच्या पाठीमागे उभं राहून तिला हाक मारली. तीनदा. ती वळली नाही. मग समोर येऊन डोळे पुसत म्हणाला, "मावशी, पुढच्या रविवारी न्यायला येतो."

तिनं मान हलवली. तेवढेच दिवस मागून घेतले.

ते दिवस तिनं टेबलापाशी काढले. पहिल्या पट्टीत चूक कुठं होती, ते तिला आता दिसत होतं. माणसानं पट्टीकडे जायचं, हीच ती चूक. ज्याचे पाय गेले त्यानं काय करायचं? त्यानं खोटंच बोलायचं. पट्टीनं माणसाकडे गेलं पाहिजे. एकानं पट्टी घेऊन दारोदार फिरायचं. दार उघडल्याशिवाय, तोंड बघितल्याशिवाय बटण लागता कामा नये. म्हणून तिनं नवी पट्टी अरुंद केली, हातात गुंडाळून नेता येईल अशी. पाच काजं. कंपाउंडर, दोघी बहिणी, पोस्टमन. चार पुरी झाली. टाके असे, की भिंगातून बघितलं तरी कापड दिसू नये.

पाचव्याला तिनं खडूची खूण केली. मग कात्रीचं टोक घालून चीर दिली. आणि थांबली.

गुरुवारी सकाळी ती पट्टी घेऊन कंपाउंडरांच्या दाराशी गेली. त्या दिवसापासून दोघं नीट बोलले नव्हते. तिनं पट्टी कशी फिरवायची ते सांगितलं. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट करून बघितली.

"हे पाचवं कुणाचं?"

"माझं," मावशी म्हणाली. "चीर देऊन बसले. तुम्ही म्हणालात तर टाके घालते. भाच्याला सांगते, इथं रोज दार उघडून बघणारं माणूस आहे. कदाचित ऐकेल. नाहीतर बुजवून टाकते."

पट्टी तिच्या हातात देऊन कंपाउंडर औषधांच्या कपाटाकडे वळले. तिच्या घराची किल्ली तिथं इतरांच्या शेजारी अजून टांगलेली होती. ती सरळ करत ते म्हणाले, "घाला टाके. तुमच्याशिवाय पट्टी कसली."

आयुष्यभर दवाखान्यात पाठमोऱ्यानं बाटल्या भरत बोलायची सवय. डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही तिला दिसू द्यायचं नव्हतं.

मावशीला फक्त त्यांची पाठ दिसली, ओठ नाहीत.

ती थोडा वेळ दारात उभी राहिली. मग जिना चढून गेली.

कंपाउंडरांना वाटलं, उत्तर पोचलं. भाचा रविवारऐवजी शुक्रवारीच आला, गाडी त्याच दिवशी मिळत होती. कंपाउंडर तेव्हा बाजारात होते. परत आले तर पहिल्या मजल्याच्या दाराला कुलूप, आणि पट्टी त्यांच्या दाराच्या कडीला अडकवलेली.

ते रोज सकाळी ती घेऊन फिरतात. दोघी बहिणी, पोस्टमन, आणि शेवटी स्वतःचं. चार बटणं लागतात. पाचवं काज तिनं बुजवलेलं नाही आणि पुरंही केलेलं नाही. चिरेच्या एका टोकाला दोन टाके आहेत. सुई तिथंच टोचलेली आहे, दोऱ्याला मेण लावलेलं आहे. चिरेच्या कडांचे धागे रोज थोडे थोडे सुटतायत, आणि तो टाका इमारतीत दुसऱ्या कुणाला येत नाही.